पुस्तकात न सापडलेली वेल नवी प्रजाती असते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नागपूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला सप्टेंबरात मनसरच्या बाजूच्या टेकडीवर एक दणकट, पायाशी लाकडी झालेली वेल दिसली. फुलं जांभळट, नरसाळ्यासारखी. पानं खालून चंदेरी, लवदार. मोबाइलवरचं अ‍ॅप 'समुद्रशोक' म्हणतं. पण समुद्रशोकाची छदं, म्हणजे फुलाखालची पानासारखी अंगं, लवकर गळतात आणि या वेलीवर ती फुलं पडून गेल्यावरही तशीच आहेत. कुकच्या फ्लोरात, म्हणजे एका प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं देणाऱ्या ग्रंथात, ही वेल जुळत नाही. 'ही नवी प्रजाती असेल का? असेल तर जाहीर कशी करायची? आणि आजीचं नाव देता येईल का?'

तुमचं लक्ष छदांकडे गेलं, याचा मला मनापासून आनंद झाला. शंभरातले नव्वद जण फुलाच्या रंगावर थांबतात. मी अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी विदर्भातल्या वेली-झुडपांच्या मागे घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक खुलासा आधी: मराठी विश्वकोशात 'प्रजाती' हा शब्द जीनससाठी आणि 'जाती' हा स्पीशीजसाठी वापरला आहे. मी इथे रोजच्या बोलण्यासारखं स्पीशीजला प्रजाती आणि जीनसला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाला, जीनसच म्हणते.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि सगळा वेळ त्याच्यातच जातो. आजवर ज्यांना नावं मिळाली त्यांपैकी एकीतही ही वेल बसत नाही, हे तुम्ही कशाच्या बळावर म्हणणार? एखाद्या पुस्तकात ती नाही, हा त्याचा पुरावा होत नाही. फोटो पाहून मीही हो किंवा नाही म्हणू शकत नाही. वेल किती झाडांवर पाहिली, फळ मिळालं का, शेजारच्या जिल्ह्यांत काय वाढतं, जुन्या नमुन्यांत काय पडून आहे, या सगळ्यावर उत्तर अवलंबून आहे.

आधी कुकबद्दल. थिओडोर कुकचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि तो मुंबई इलाख्याचा आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि वऱ्हाडही मुंबई इलाख्यात नव्हता. विदर्भ मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे कुकमध्ये आपल्याकडची एखादी वनस्पती नसली तर त्यात नवल काहीच नाही, तो आपल्या भागाबद्दल लिहीतच नव्हता. आपल्याकडची मुलं कुक उघडतात, कारण तो सगळ्या महाराष्ट्राचा आहे असं त्यांना वाटतं. माझ्याकडे 'नवी प्रजाती' म्हणून आलेल्या निदान डझनभर वनस्पती या एका गैरसमजातून आल्या होत्या.

नागपूरच्या पूर्वेची जंगलं सह्याद्रीपेक्षा मध्य भारताशी आणि पूर्व घाटाशी जास्त नातं सांगतात. म्हणून इथल्या माणसाने पश्चिमेइतकंच पूर्वेकडेही बघायला हवं. हूकरच्या संपादनाखाली १८७२ ते १८९७ मध्ये निघालेला ब्रिटिश इंडियाचा सात खंडांचा फ्लोरा, हेन्सचा बिहार-ओरिसावरचा ग्रंथ (१९२१ ते १९२५), गॅम्बलने सुरू केलेला मद्रास इलाख्याचा फ्लोरा (१९१५ ते १९३६) हे तिन्ही पाहा. बहुतेक जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. उगेमुगे यांचा १९८६ चा नागपूर जिल्ह्याचा फ्लोरा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेले महाराष्ट्राचे खंड तर हाताशी हवेतच. नंतर 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर जीनस टाकून भारत, म्यानमार, थायलंड इथल्या प्रजातींची यादी काढा. समुद्रशोकाचा जीनस आर्जिरिया. दक्षिण आणि आग्नेय आशियात त्याच्या शंभराहून अधिक प्रजाती आहेत आणि छदं टिकून राहणाऱ्याही त्यांत आहेत. तेव्हा तुम्हाला दिसलेला फरक खरा आहे, पण तो ही वेल समुद्रशोक नसावी एवढंच सांगतो. ती कोण, हे त्यावरून कळत नाही.

ती परदेशी पाहुणी नाही ना, हेही त्याच वेळी तपासा. रस्त्याकडेचा बेशरम उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आला आणि आज नाल्यानाल्यात आहे. बंगल्यांच्या फाटकावरची गुलाबी आइसक्रीम वेल मेक्सिकोची. बागेतून सुटलेली वेल जंगलाच्या कडेला मजेत वाढते आणि भारतीय फ्लोरात ती सापडत नाही. तुमच्या टेकडीखाली जुनी खाण वसाहत, विश्रामगृह किंवा रोपवाटिका असेल तर ही शक्यता अगदी पहिली धरा.

आता फरक कशाला म्हणायचं याकडे येते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वर्धा जिल्ह्यातल्या एका माळावर मला कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया, मिळालं. त्यालाच बरेच जण खरचुडी म्हणतात. पानं गवताच्या पात्यासारखी अरुंद. मला माहीत असलेल्या सेरोपेजिया बल्बोसाची पानं चांगली गोलसर, मांसल. मी दोन महिने खपून वर्णन लिहिलं, चित्रं काढली. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटापुढे नेलं आणि त्या प्रजातीची पंचवीसेक शीटं, म्हणजे नमुने चिकटवलेले कागद, टेबलावर ओळीने मांडली. एका टोकाला रुपयाएवढं गोल पान, दुसऱ्या टोकाला सुतळीसारखं, आणि मध्ये सगळ्या पायऱ्या. कुठेही रेघ मारायला जागा नव्हती. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १७९५ साली बल्बोसाचं वर्णन केलं, पुढे अरुंद पानाच्या झाडांना लुशिआय असं वेगळं प्रजातीचं नाव मिळालं आणि नंतर ती पुन्हा बल्बोसातच आली, हे मला त्या दिवशी कळलं. माझी 'नवी' प्रजाती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच होऊन गेली होती आणि मोडीतही निघाली होती.

त्या टेबलानंतर मी एक सवय लावून घेतली. एका वेलीवरून काही लिहायचं नाही. वणव्यानंतर बुंध्यातून फुटलेल्या फांदीची पानं जुन्या फांदीच्या पानांपेक्षा वेगळी असतात, सावलीतली उन्हातल्यांपेक्षा मोठी आणि पातळ असतात, गुरांनी खुडलेली आणखी निराळी. म्हणून निदान पंधरावीस वेली, जमल्यास दोन-तीन ठिकाणच्या, मोजायच्या. मोजमापांमध्ये खंड पडतो का ते पाहायचं. आणि तो खंड एकाच लक्षणात न दिसता एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन लक्षणांत एकत्र दिसला पाहिजे: छदं टिकतात आणि निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांचा, आकार वेगळा आणि फळही वेगळं, असं. लव कमीजास्त आहे, एवढ्यावर प्रजाती उभी राहत नाही. एका उंचवट्यावरच्या पाच वेलींत सगळं सारखं दिसलं तर ती एकाच वेलीची पिलावळही असू शकते.

मनसर भागात हे आणखी महत्त्वाचं आहे. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, तर पूर्व-उत्तरेला जुने रूपांतरित खडक आणि त्यातलंच मनसर-कांद्रीचं मँगनीज. खडक बदलला की माती बदलते आणि तीच प्रजाती खुरटी, जास्त लवदार, लहान पानाची होऊ शकते. तेव्हा तुमची वेल फक्त मँगनीजच्या खडकावर वेगळी दिसते की दहा किलोमीटरवर काळ्या मातीतही तशीच राहते, हे पाहायलाच हवं. शक्य असेल तर बी आणून कॉलेजच्या बागेत समुद्रशोकाशेजारी लावा. दोन-तीन वर्षं जातील, पण एका मातीत वाढूनही फरक टिकला तर ते फार मोलाचं असतं.

जीनस तरी आर्जिरियाच आहे का? नरसाळ्यासारखी फुलं आयपोमियातही असतात आणि मेरेमियातही. परागकण पाहा. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही आयपोमिया आणि आर्जिरियाचे कण काटेरी दिसतात, मेरेमियाचे गुळगुळीत. मग फळ. आयपोमियाचं बोंड वाळून फुटतं, आर्जिरियाचं फळ आपणहून फुटत नाही. म्हणून फळाशिवाय तुमचं काम पुरं होणार नाही. हेही लक्षात असू द्या की डीएनएच्या अभ्यासांत आर्जिरिया आयपोमियाच्याच शाखांमध्ये गुंतलेला दिसतो आणि दोन्ही एकत्र करावेत का, यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. उद्या जीनसचं नाव बदललं तरी तुम्ही नीट वर्णन केलेली प्रजाती तशीच राहील, फक्त आडनाव बदलेल.

नमुने कसे घ्यायचे यावर जरा थांबते, कारण पुढची सगळी इमारत यावर उभी राहते. सगळ्यात आधी परवानगी. ती टेकडी कोणाच्या ताब्यात आहे, प्रादेशिक वनविभागाच्या की पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या, यावर अर्ज कुठे करायचा ते ठरतं. आपलं नशीब असं की राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ ही दोन्ही कार्यालयं नागपुरातच आहेत. विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज करा आणि परवानगीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. परवानगी नसलेल्या नमुन्यावर आधारलेला लेख चांगलं नियतकालिक घेत नाही, आणि घेऊही नये.

एकाच वेलीच्या फुलांसह पाचसहा फांद्या कापा आणि सगळ्यांना एकच संग्रह क्रमांक द्या. वेल तिथेच जगली पाहिजे, मुळासकट उपटू नका. पाच-सहाच वेली असतील तर एकच फांदी घ्या. कागदावर जे टिकत नाही ते जागेवर लिहा: फुलाच्या नळीचा आतला रंग, वास, फूल किती वाजता उमलतं, कोणते कीटक येतात, मोडल्यावर पांढरा चीक येतो का, वेल कशावर आणि कोणत्या दिशेने वळते. हे शेवटचं मी सगळ्यांना बजावते. कडू कारांदा एका दिशेने वळसे घेतो, कोनफळ दुसऱ्या, आणि वाळल्या तुकड्यावरून ते मागाहून शोधणं जिकिरीचं होतं. दोन-चार फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवा, नाहीतर दाबल्यावर दलपुंजाची नळी, आतल्या पुंकेसरांच्या तळाची लव, कुक्षीचा आकार काहीच नीट मोजता येत नाही. काही पानं उलटी दाबा, म्हणजे शीटवर खालची लव दिसेल.

सप्टेंबरात आपल्याकडे हवा दमट असते. पहिले चार-पाच दिवस वर्तमानपत्रं रोज बदला, नाहीतर पानं काळी पडतात आणि बुरशी चढते. शीट साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरची. पूर्वी कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड वापरत. ते जालीम विष आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. वाळलेले नमुने पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवले तर काम भागतं. लेबलवर गावकऱ्यांनी सांगितलेलं नाव आणि उपयोगही टाका. मला कितीतरी वेळा गुराख्याच्या एका वाक्यावरून दोन वेली वेगळ्या असल्याचं पहिल्यांदा कळलं.

मग कपाटांकडे जा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नव्याने वर्णन झालेल्या प्रजातींपैकी फक्त १६ टक्क्यांचं वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झालं होतं, आणि जवळपास एक चतुर्थांशांच्या कामात ५० वर्षांहून जुने नमुने होते. म्हणजे तुमची वेल कोणीतरी कधीच दाबून 'आर्जिरिया, प्रजाती अनिश्चित' अशा चिठ्ठीसह ठेवलेली असण्याची शक्यता चांगलीच आहे. पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईतलं ब्लॅटर हर्बेरियम तर पाहाच. पण आपल्या भागासाठी प्रयागराजचं मध्य विभागीय केंद्र, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतलं हर्बेरियम आणि हावड्याचं केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम चुकवू नका. हावड्याला सुमारे २० लाख नमुने आहेत. जवळच्या प्रत्येक प्रजातीचा टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं आहे तो नमुना, प्रत्यक्ष किंवा निदान मोठ्या डिजिटल प्रतिमेत पाहिल्याशिवाय 'वेगळी' हा शब्द लिहू नका. पुस्तकातलं वर्णन चुकीचं असू शकतं, पण नाव शेवटी टाइपच्या मागे जातं.

डीएनएबद्दल मुलं हमखास विचारतात. नव्या प्रजातीसाठी ते सक्तीचं नाही. जमलं तर डीएनएचा आयटीएससारखा एखादा भाग वाचून घ्या, मदत होते. पण जेमतेम दोन नमुन्यांच्या डीएनए-क्रमावरून प्रजाती उभी करण्यापेक्षा वीस वेलींची मोजमापं मला जास्त विश्वासाची वाटतात.

एवढं करूनही वेल वेगळीच राहिली, तर मग लिहायचं. त्याचे नियम वनस्पतींना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. सध्याची आवृत्ती २०२५ साली प्रसिद्ध झालेली मॅड्रिड संहिता. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजी वर्णनही चालतं आणि आयएसएसएन क्रमांक असलेल्या ऑनलाइन नियतकालिकातला पीडीएफ लेखही ग्राह्य धरला जातो. होलोटाइप म्हणून एकच नमुना ठरवून तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला ते लिहावं लागतं. त्याच वेलीच्या त्याच क्रमांकाच्या बाकी फांद्या आयसोटाइप होतात, त्या दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाठवा. नुसत्या फोटोवर आपल्या वेलीसारख्या वनस्पतीचं नाव उभं राहत नाही. आपल्या जैवविविधता कायद्याप्रमाणे, म्हणजे २००२ च्या कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, नव्या प्रजातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे असं भांडार आहे, तेव्हा होलोटाइप तिथेच द्या.

लेखाचं हृदय म्हणजे भेद सांगणारा परिच्छेद. 'पानं मोठी, फुलं आकर्षक, निदलं लवदार' यातून कोणालाच काही कळत नाही. सगळ्यात जवळची प्रजाती कोणती ते नाव घेऊन सांगायचं आणि मग समोरासमोर ठेवायचं: हिची छदं फळ पिकेपर्यंत टिकतात, तिची आधीच गळतात. हिची बाहेरची निदलं इतक्या मिलिमीटरची, टोकदार, तिची इतक्यांची, बोथट. तीन-चार वाक्यं पुरतात, पण प्रत्येक वाक्य तुमच्या वहीतल्या मोजमापांवर उभं हवं. हा परिच्छेद लिहिता येत नसेल तर काम अजून झालेलं नाही, असं मी समजते.

छापण्यासाठी ऱ्हीडिया, नेलुम्बो, फायटोटॅक्सा, क्यू बुलेटिन अशी नियतकालिकं आहेत. जिथे पैसे भरले की आठ दिवसांत लेख निघतो, तिथे देऊ नका. आणि लेख निघेपर्यंत नाव कुठेही वापरू नका. वर्तमानपत्रातल्या बातमीने नाव प्रसिद्ध होत नाही. १९५३ पासून संहितेत तसं स्पष्ट लिहिलं आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधातही ते नाव टाकू नका. तिथे 'आर्जिरिया, प्रजाती १' एवढंच लिहा. बाहेर फुटलेलं अर्धवट नाव दुसऱ्याच्या लेखात वेगळ्या अर्थाने येतं आणि मग सगळ्यांनाच ताप होतो. अचूक ठिकाणही समाजमाध्यमांवर टाकू नका, दुर्मीळ वेलींची मुळं खणून नेणारे लोक आहेत.

आजीचं नाव? हो, देता येतं. सेरोपेजिया जैनिई हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ एस. के. जैन यांच्या सन्मानार्थ आहे. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या नावाची लॅटिन षष्ठी वेगळी होते, ती व्याकरण जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. विशेषण वापरलं तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. समुद्रशोकाला बर्मनने १७६८ साली कन्व्हॉल्व्ह्युलस नर्व्होसस म्हटलं होतं, आर्जिरियात आल्यावर ते नर्व्होसा झालं. आयुर्वेदाच्या पुस्तकांत दिसणारं स्पेसिओसा हे नाव नंतरचं, म्हणून जुन्या नर्व्होसाला मान मिळतो. स्वतःचं नाव मात्र स्वतःच्या प्रजातीला देत नाहीत, असा संकेत आहे. माझं मत विचाराल तर त्या टेकडीवर जाणाऱ्या गुराख्यांकडे तिला आधीच एखादं नाव असेल, ते आधी विचारून पाहा.

शेवटी एक काळजी. फक्त एका टेकडीवर मिळाली म्हणून लगेच 'अतिसंकटग्रस्त' लिहू नका. धोक्यातल्या प्रजातींची यादी करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत क्षेत्रफळ २ बाय २ किलोमीटरच्या चौकटींत मोजतात, पण क्षेत्र लहान असणं पुरत नाही. संख्या घटते आहे, अधिवास तुटतो आहे, असंही दाखवावं लागतं. पूर्ण शोध घेतलेला नसेल तर 'माहिती अपुरी' हाच प्रामाणिक शेरा आहे.

तर आता या हंगामात एवढंच करा. परवानगीचा अर्ज याच आठवड्यात टाका. ऑक्टोबरात फुलं संपण्याआधी पंधरावीस वेली मोजा, अल्कोहोलच्या बाटल्या भरा, परागकण पाहा. टेकडीच्या चारही बाजूंना आणि रामटेककडच्या डोंगरावर ती आणखी कुठे आहे ते शोधा. त्याच वेलींवर खुणेची चिठ्ठी बांधून ठेवा आणि फळ धरल्यावर पुन्हा जा. फळ आपोआप फुटतं का, छदं तेव्हाही आहेत का, हे दोन प्रश्न त्या दिवशी सुटतील. मग डेहराडून आणि प्रयागराजला पत्र लिहायचं, तेव्हा तुमच्याकडे विचारायला नेमकं काहीतरी असेल.